काका, फ्रेममध्ये येताय!

माझी अपेक्षा तशी फार नव्हती. एक फोटो हवा होता. त्यात एक पडका मठ, थोडं आभाळ, जमलंच तर एखादी घार. माणूस मात्र एकही नको. ही अपेक्षा धरून आपल्या देशात घराबाहेर पडणं म्हणजे सुखानं बसायला मिळेल म्हणून सकाळी साडेआठची डोंबिवली लोकल पकडण्यासारखं आहे, हे मला त्या वेळी कळायला हवं होतं. पण हातात नवा कॅमेरा असला की माणसाचं डोकं चालत नाही. नवा म्हणजे मला नवा. भाचा अमेरिकेला जाताना "मामा, हा तुम्हालाच राहू दे" म्हणून देऊन गेला. त्याच्या बॅगेचं वजन तेवीस किलोच्या वर जात होतं, ही माहिती बहिणीनं नंतर पुरवली.

आता फोटो कशाचे काढायचे? आमच्या सोसायटीत दर तिसऱ्या घरात एक गडप्रेमी आणि दर चौथ्या घरात एक पक्षीनिरीक्षक आहे. तिथं शिरकाव नव्हता. मठांचा नाद लागला तो गोव्यात. जुन्या गोव्याच्या टेकडीवर सेंट ऑगस्टीनच्या ख्रिस्ती मठातल्या चर्चचा जांभ्या दगडाचा एक बुरूज उभा आहे. उंची ४६ मीटर, तोही पूर्ण नाही, अर्धाच. १६०२ सालचं हे बांधकाम. १८३५मध्ये साधूंना तिथून निघावं लागलं, १८४२मध्ये छताची कमान कोसळली, आणि १९३१मध्ये दर्शनी भिंतीबरोबर बुरुजाचा अर्धा भागही खाली आला. इथली घंटा मात्र वाचली. ती १८७१पासून पणजीच्या चर्चमध्ये वाजते आहे. एवढं मोठं दुःख इतक्या शांतपणे उभं असलेलं मी पाहिलं नव्हतं. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि सहलीच्या बसवाल्यानं हॉर्न दिला. ही म्हणाली, "अहो चला, काजूचं दुकान बंद होईल." बुरुजाच्या फोटोत खाली उजव्या कोपऱ्यात हिचा हात आला आहे. तो बुरूज दाखवत नाहीये, बस दाखवतोय.

परत आल्यावर कळलं की असे मठ बघायला गोव्याला जायची गरजच नव्हती. कोपरला दिवा-वसई गाडीत बसलं की खारबाव, कामण, जूचंद्र करत तासाभरात वसई. १५३४ साली गुजरातच्या बहादुरशहानं वसई पोर्तुगीजांच्या पदरात टाकली आणि मे १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे वर्षांत त्या एका किल्ल्याच्या तटाआत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा ख्रिस्ती साधूंच्या सगळ्या पंथांनी आपापले मठ बांधून घेतले. एका गल्लीत चार सार्वजनिक मंडळं असावीत आणि प्रत्येकाचा मंडप दुसऱ्यापेक्षा हातभर उंच असावा, तसा तो सगळा प्रकार.

पहिल्या खेपेला हिला बरोबर नेलं. म्हणजे हीच आली. "एकटे जाऊन उन्हात पडाल कुठं तरी," हे कारण. थालीपिटं, दही, दोन टोप्या, सतरंजी आणि माझा ट्रायपॉड असा सरंजाम घेऊन आम्ही वसई रोडला उतरलो. शेअर रिक्षात चौथ्या सीटवर ट्रायपॉड बसला आणि मी ड्रायव्हरशेजारी अर्धा बाहेर. रिक्षावाल्यानं वाटेत अभिमानानं गोन्सालो गार्सियाची हकिगत ऐकवली. वसईत जन्मलेला पोरगा, फ्रान्सिस्कनांत गेला, १५९७ साली जपानात नागासाकीला त्याला इतरांबरोबर क्रुसावर चढवलं, आणि १८६२मध्ये रोमनं त्याला संत ठरवलं. "आमच्या गावचा संत हाय," म्हणत त्यानं नेहमीपेक्षा वीस रुपये जास्त घेतले. संताच्या गावात घासाघीस बरी दिसली नसती.

किल्ल्यात शिरल्यावर हिचा पहिला प्रश्न, "चर्च आणि मठ यात फरक काय?"

या प्रश्नाची मी आयुष्यभर वाट पाहत होतो. म्हटलं, "चर्च म्हणजे देऊळ, तिथं गावानं यायचं. मठ म्हणजे साधूंनी राहायची जागा. चर्चच्या कुशीला लागून हा चौकोनी चौक बघ. चारी बाजूंनी कमानींच्या ओसऱ्या, वर झोपायच्या खोल्या, एका अंगाला जेवणघर. पावसापाण्यात, उन्हातान्हात ओसरीतून फेऱ्या मारत जप करायचा, बाहेर पाऊल टाकायचं नाही."

"म्हणजे आमचा वाईचा चौसोपी वाडा," ही म्हणाली. "फक्त आत्याबाई नाहीत."

"म्हणून तर जप होत असेल."

वाईचं नाव निघाल्यावर मात्र संभाषण माझ्या हातातून गेलं. कारण मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागं, घाटावर, जी भली मोठी घंटा आहे, ती वसईहून आणलेली. तिच्यावर १७०७ साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. नाशिकला नारोशंकराच्या देवळातली घंटाही पोर्तुगीजच, १७२१ची. वसई जिंकल्यावर घंटा हत्तींवरून गेल्या आणि आपल्या देवांपुढं टांगल्या गेल्या. हिनं लहानपणी ती मेणवलीची घंटा दगड मारून वाजवलेली होती. "म्हणजे तुमच्या मठाची घंटा आमच्या माहेरी," असं म्हणून ती कंबरेवर हात ठेवून कमानीत उभी राहिली, आणि त्या दिवसाच्या सर्व फोटोंत तशीच उभी आहे. मी जरा डावीकडे सरकलो की तीही सरके. तिला वाटत होतं मी तिचेच फोटो काढतोय. तीस वर्षांच्या संसारानंतर हा गैरसमज दूर करण्याइतका मी धाडसी नाही.

त्यातही एक गोम होती. घरी येऊन पाहिलं तर प्रत्येक फोटोत मठ मागं रेललेला. जवळून उंच इमारतीचा फोटो काढायला कॅमेरा वर केला की उभ्या रेघा आत झुकतात, म्हणे. अख्खा डॉमिनिकन मठ जेवून आरामखुर्चीत डुलकी काढत असल्यासारखा दिसत होता आणि ही तेवढी ताठ.

दुसरी खेप मी मुद्दाम मंगळवारी काढली, एकट्यानं. मंगळवारी कोण येतंय? तेव्हा डिसेंबर होता आणि लग्नसराई हा शब्द माझ्या ध्यानात आला नाही.

वेशीपाशीच पहारेकऱ्यानं ट्रायपॉडकडे बोट दाखवलं. "काका, ही तिपाई आत चालणार नाय. परमिशन लागते."

"अहो, तीन पाय आहेत नुसते."

"दोन पायांवर काढा ना मग." या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिपाई त्याच्या खुर्चीशेजारी ठेवली. परत आलो तेव्हा तिच्यावर त्याचा डबा टांगलेला होता.

मी थेट फ्रान्सिस्कनांच्या सेंट अँथनी चर्चमध्ये गेलो. जमिनीत थडग्यांचे दगड बसवले आहेत, एकाला एक लागून, फरशीसारखे. त्यांच्यावर पोर्तुगीज अक्षरं, मधेच एखादी ढाल, तिच्यावर घराण्याची चिन्हं. दोनअडीचशे वर्षं पावसानं धुतलेली ती अक्षरं दुपारी दिसतच नाहीत. सकाळी ऊन तिरपं पडलं की खाचांत सावली भरते आणि ओळीच्या ओळी वर येतात, जणू कोणी आतून पेन्सिल फिरवतंय. मी गुडघे टेकले, टोपी मागं सारली, दगडावर नाक टेकेल इतका वाकलो. 'सेपुल्तुरा' एवढा एक शब्द लागला. म्हणजे समाधी. पुढचं नाव झिजून गेलेलं. बोटानं चाचपलं तर एक इंग्रजी डीसारखं काही तरी लागत होतं. मी श्वास रोखला, बोट बटणावर ठेवलं.

"काका! फ्रेममध्ये येताय!"

मागं वळून पाहिलं. दारातून एक लाल गाऊन आत येत होता. गाऊनची शेपूट साताठ मीटर लांब. ती एका मुलानं, बहुधा नवरीच्या भावानं, धुणं वाळत घालायला निघाल्यासारखी हातांवर पेलली होती. पुढं नवरी, तिच्या पायात स्पोर्ट्स शूज. नवरा कोटात घामाघूम. तीन कॅमेरेवाले, एक छत्रीवाला, एक आरसा धरणारा, आणि "दीदी, चिन वर, अजून वर" असं सांगणारी एक मुलगी. डोक्यावर मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखा ड्रोन. ट्रायपॉड चार. ते वेशीतून आत कसे आले, हे मी पहारेकऱ्याला विचारलं नाही. काही प्रश्नांची उत्तरं आपण आपल्या मनाशीच ठेवावीत.

मी चौकात पळालो. तिथं अजून दोन जोडपी. ओसरीत एक. घंटेच्या मनोऱ्याच्या अरुंद चक्री जिन्यात एक अडकलेलं, कारण नवरीचा घागरा वर गेला होता आणि आतला फुगीर कॅनकॅनचा परकर खाली राहिला होता. जेझुइटांच्या अंगणात कोणी तरी गुलाबी धुराचा फटाका लावला, तो वाऱ्यानं डॉमिनिकनांकडे गेला. पूर्वी यांच्यात धर्मशास्त्रावरून काय वाद झाले असतील ते असोत, या वेळी एका डॉमिनिकन फोटोग्राफरनं जेझुइट फोटोग्राफरला जी शिवी दिली ती मला लिहिता येणार नाही.

मला राहून राहून त्या साधूंची कीव येत होती. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन, अशी तीन व्रतं घेऊन माणसं लिस्बनहून सहासहा महिने जहाजात ओकत इथं आली. त्यांच्या नेमक्या त्याच ओसरीत आता लग्नाआधीचं प्रेम चाललेलं, भाड्याच्या कपड्यांत, तासाच्या दरानं. त्यातल्या त्यात आज्ञापालन तेवढं टिकून होतं. "सर, कपाळाला कपाळ लावा. डोळे मिटा. हसू नका. आता हसा." नवरे निमूट सगळं करत होते. पुढच्या आयुष्याची तालीम चांगली होत होती.

मग मीच पुढाकार घेतला. इतकी वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी आहे, टँकरच्या पाण्याला रांगा लावल्या आहेत. मधल्या मोठ्या कमानीसाठी नंबर लावून दिले. "आधी लाल गाऊन, मग पोपटी, मग हे साऊथवाले, मग मी दोन मिनिटं." सगळ्यांनी मान्य केलं. पोपटीवाल्यांच्या सासूबाईंनी मला चहाही दिला. तासाभरानं माझा नंबर आला. कमान रिकामी. मागं निळं आभाळ. एक घारसुद्धा होती, खोटं कशाला सांगू. मी कॅमेरा उचलला आणि कमानीतून टेनिसचा चेंडू टप्पे खात आला. मागून नऊदहा वर्षांचा एक मुलगा. "काका, बॉल!"

बॉल दिला. तोवर पुढचा फटाका लागला होता. आभाळ पिवळं झालं.

तिसरी खेप जुलैमध्ये. भर पावसात, गुरुवारी. किल्ल्यात खरंच कोणी नव्हतं. भिंतींवर पिंपळाची मुळं काळी चकचकीत, चौकात गुडघाभर गवत, पागोळ्यांचा आवाज. इथला दगड पोर्तुगीजांनी गोव्यापर्यंत नेला होता. बॉम जेझुस बासिलिकेच्या दर्शनी भागावर तो आजही आहे. तोच काळा दगड भिजून इथं असा दिसत होता की मी पाच मिनिटं नुसताच उभा राहिलो. मग ऐंशी फोटो काढले. लेन्सवर आतून वाफ धरली होती, हे घरी कळलं. ऐंशीच्या ऐंशी फोटोंत दुधाची पिशवी उजेडात धरल्यासारखं दिसतं. हिनं त्यातल्या एकात मला न दिसलेला बेडूक शोधून काढला.

नाद सुटला असता. पण पुढच्या महिन्यात सी विंगमधल्या देशपांड्यांच्या पुतण्याचं लग्न लागलं. डिसेंबरात ठरलेलं, पण मुलाला रजा नव्हती म्हणून श्रावणातल्या मुहूर्तावर ढकललेलं. जेवणाच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर यांचं प्रीवेडिंग चालू होतं. मी जिलबीच्या रांगेत होतो. एकदम हिनं माझं कोपर धरलं. "अहो, तुमचा चौकड्यांचा शर्ट!"

पडद्यावर लाल गाऊन, संथ गतीनं. नवरा-नवरी कपाळाला कपाळ लावून. त्यांच्या बरोब्बर मधोमध, मागं, उन्हाच्या तिरप्या पट्ट्यात, थडग्याच्या दगडावर एक माणूस गुडघे टेकून नाक जमिनीला लावून बसलेला. टोपी मागं सारलेली. सनई चालू. माझ्या मागच्या आजी शेजारणीला म्हणाल्या, "किती भाविक आहेत हो ते फादर!"

खरं सांगायचं तर फ्रेम अप्रतिम होती. ऊन होतं, कमान होती, दगडावरची अक्षरंसुद्धा उठून दिसत होती, आणि भिंती सरळ. मी जिलबी सोडली आणि हॉलभर हिंडून त्या फोटोग्राफर पोराला गाठलं. म्हटलं, "बाळा, ती फ्रेम मला हवी आहे. फक्त ते दोघं तिच्यातून काढून टाकता येतील का?"

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. ओळखलं.

"काका," तो म्हणाला, "तुम्हाला काढायलाच आम्ही तीन दिवस बसलो होतो. निघाला नाहीत."