कीचकाच्या नाटकात कर्झनचं नाव नव्हतं

सीमेवर तणाव वाढला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. शब्द बदलतात, गाभा तोच: ‘संकटकाळात रंगभूमीने राजकारण करू नये. पूर्वीचे थोर नाटककार करत नसत. राजकीय नाटकाने माथी भडकतात. इंग्रजांचा नाट्यकायदा रद्द झाल्यापासून नाटकवाल्यांना कसलंच बंधन उरलेलं नाही, म्हणून संहिता आधी तपासावी. युद्धात सगळे देश हेच करतात.’

‘पूर्वीचे थोर नाटककार राजकारण करत नसत’ हे वाक्य मराठीत लिहायला धाडस लागतं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर ‘केसरी’तले. त्यांचं ‘कीचकवध’ 1907 मध्ये महाराष्ट्र नाटक मंडळीने रंगमंचावर आणलं. बंगालच्या फाळणीची जखम ताजी होती. नाटकात फाळणी करणाऱ्या व्हाइसरॉय कर्झनचं नाव एकदाही येत नाही. विराटाचा सेनापती कीचक, सैरंध्री, समजुतीने घेणारा युधिष्ठिर आणि संतापलेला भीम, एवढंच. पण कीचक म्हणजे कर्झन, सैरंध्री म्हणजे देश, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे पिटातल्या माणसालाही सांगावं लागत नव्हतं. लंडनच्या ‘टाइम्स’चा व्हॅलेंटाइन चिरोल याने 1910 मध्ये हेच अर्थ उलगडून दाखवले. नाव ना रंगमंचावर उच्चारलं जातं ना छापील पुस्तकात आहे, हेही त्याने नोंदवलं.

संहिता तपासण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं. राजकारण संहितेत नव्हतंच. ते होतं नटाच्या चालीत, एखाद्या थांब्यात आणि प्रेक्षकांच्या डोक्यात. तपासनिसाने लाल पेन्सिल घेऊन काय खोडलं असतं? महाभारत?

आता माथी भडकण्याबद्दल. 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या नाट्यगृहातच, विजयानंदमध्ये. प्रयोग कशाचा होता? देवलांच्या ‘शारदा’चा. म्हाताऱ्याशी लावल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीच्या लग्नावरचं नाटक, राजद्रोहाचा वाससुद्धा नाही. गोळ्या झाडणाऱ्या अनंत कान्हेरे यांना तिथवर आणलं ते कुठल्याही पदाने वा संवादाने नव्हे, बाबाराव सावरकरांना झालेल्या जन्मठेपेच्या संतापाने. पुढच्याच महिन्यात, जानेवारी 1910 मध्ये, बंदी मात्र आली ‘कीचकवधा’वर. तोवर ते जवळपास तीन वर्षं चाललं होतं.

दुसरं उदाहरण उलट्या बाजूचं. 1 जानेवारी 1989 रोजी साहिबाबादजवळच्या झंडापूरमध्ये जन नाट्य मंचाचं ‘हल्ला बोल’ हे पथनाट्य चालू असताना हल्ला झाला. मंचाचे सफदर हाश्मी दुसऱ्या दिवशी गेले, राम बहादूर हा कामगारही मारला गेला. 4 जानेवारीला त्याच जागी मोलोयश्री हाश्मी आणि सहकाऱ्यांनी नाटक पूर्ण केलं. इथे हिंसा नाटकाने केली नाही, नाटकावर झाली. ‘भडकतं’ या क्रियापदाचा कर्ता कोण, हे तपासल्याशिवाय तो मुद्दा मांडू नये. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी एस. रंगराजन खटल्यात, एका चित्रपटाच्या निमित्ताने, हेच सांगितलं: मोर्चाच्या किंवा हिंसेच्या धमकीपोटी अभिव्यक्ती दाबता येणार नाही, आणि धोका ठिणगी दारूच्या कोठारात पडावी इतका निकटचा हवा. थेट चिथावणी दिली तर तो रंगमंचावरही गुन्हाच आहे. त्यासाठी वेगळ्या नाट्यकायद्याची गरज नाही.

कायद्याचा मुद्दा सर्वांत रोचक, कारण तो अर्धा खरा आहे. 1876 चा नाट्यप्रयोग कायदा 2018 च्या जानेवारीत जुने कायदे काढून टाकणाऱ्या एका अधिनियमाने खरोखरच रद्द झाला. त्याचा जन्म कलकत्त्यातला. इंग्लंडच्या युवराजांना घरी बोलावणाऱ्या एका वकिलाची टर उडवणारं प्रहसन ग्रेट नॅशनल थिएटरने केलं, आणि फेब्रुवारी 1876 संपता संपता वटहुकूम निघाला. अटक झाली मार्चमध्ये, पण खटला उभा राहिला दुसऱ्याच एका नाटकाच्या अश्लीलतेवरून. राजकारणाचा राग अश्लीलतेच्या कलमाने काढायची रीत तेव्हापासूनची आहे.

कायदा वाचला की एक गोष्ट दिसते. सरकारने एखादं विशिष्ट नाटक निंदाजनक, सरकारविषयी अप्रीती पसरवणारं किंवा प्रेक्षकांना बिघडवणारं ठरवून बंद करायचं, अशी त्याची मुख्य रचना होती. प्रत आधी मागवण्याचा अधिकार ठरावीक क्षेत्रात, वेगळा आदेश काढूनच वापरायचा, आणि तोही प्रयोगाच्या तीन दिवस आधी. जत्रा (म्हणजे बंगाली लोकनाट्य) आणि धार्मिक उत्सवांतले तसले खेळ त्यातून स्पष्ट वगळलेले होते. 1953 मध्ये लखनऊला इप्टा या नाट्यसंघटनेने केलेल्या ‘ईदगाह’च्या प्रयोगावरून खटला झाला, आणि 1956 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला.

महाराष्ट्रातलं सेन्सॉर त्या कायद्यातून आलेलंच नाही, त्यामुळे त्याच्याबरोबर गेलंही नाही. ते उभं आहे मुंबई (आता महाराष्ट्र) पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 33 वर. त्याखाली नियम करून रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ संहिता वाचतं, काट सुचवतं आणि प्रमाणपत्र देतं. राज्य नाट्य स्पर्धेतही ते लागतं. मेळे आणि तमाशे या कलमात नाव घेऊन समाविष्ट आहेत. म्हणजे इंग्रजांनी जत्रा सोडली, आपण तमाशा धरला! शिवाय इंग्रजी कायदा एखाद्या नाटकाला गाठायचा, ही व्यवस्था प्रत्येक नाटकाला गाठते. ‘बंधन उरलेलं नाही’ म्हणणाऱ्याने एखाद्या हौशी संस्थेच्या सूत्रधाराला प्रमाणपत्राची फाईल दाखवायला सांगावं. अमोल पालेकरांनी 2016 मध्ये याच पूर्वतपासणीला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं होतं.

प्रत्यक्षात ही तपासणी कुठे फसते? प्रमाणपत्र संहितेला मिळतं, प्रयोगाला नव्हे. सिनेमाची प्रत तपासली की तीच सगळीकडे दिसते. नाटक रोज नवं होतं. लोकनाट्यातल्या बतावणीत सोंगाड्या सकाळच्या पेपरातली बातमी रात्री उचलतो. ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडके नेमके तिथेच हशा घेत. हे आधी लिहून कोण देणार? मग दोनच वाटा उरतात. एक, पानावर सोज्वळ संहिता आणि रंगमंचावर वेगळाच खेळ, म्हणजे तक्रार आली की संस्था नियमभंगात सापडते. दुसरी, तालमीतच ‘हे जाणार नाही’ म्हणत वाक्यं गाळणं. ही दुसरी कात्री कुठल्याच फाईलीत दिसत नाही आणि जास्त खोल कापते.

‘युद्धात सगळे देश हेच करतात’ यातल्या ‘सगळे’ला आधार नाही. सप्टेंबर 1939 मध्ये लंडनची नाट्यगृहं बंद झाली ती बॉम्बच्या भीतीने, आशयामुळे नव्हे, आणि काही आठवड्यांतच उघडू लागली. सारायेवोला वेढा पडलेला असताना 1992 मध्ये तिथे युद्ध रंगभूमीच स्थापन झाली. पुढच्या वर्षी सुसान सोनटॅग यांनी मेणबत्त्यांच्या उजेडात ‘वेटिंग फॉर गोदो’चा पहिला अंक केला. काही देश मात्र खरंच असं करतात. इसिसच्या जाळ्यात ओढल्या गेलेल्या बायकांवरच्या नाटकासाठी रशियाने जुलै 2024 मध्ये झेन्या बेर्कोविच आणि स्वेतलाना पेत्रीचुक यांना सहा-सहा वर्षांची शिक्षा दिली. आरोप होता दहशतवादाच्या समर्थनाचा. याच नाटकाला आधी तिथलाच ‘गोल्डन मास्क’ पुरस्कार मिळाला होता.

आपल्याकडे ‘संकटकाळ’ ही मनःस्थिती नाही, कायदेशीर अवस्था आहे. अनुच्छेद 358 नुसार युद्ध किंवा परकीय आक्रमणाच्या कारणाने आणीबाणी घोषित झाली तरच अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणारा अनुच्छेद 19 बाजूला पडतो. कारगिलच्या वेळी अशी घोषणा झाली नव्हती. 3 डिसेंबर 1971 ला झाली होती, आणि ती मार्च 1977 पर्यंत उठली नाही. ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग 16 डिसेंबर 1972 चा, म्हणजे त्याच घोषणेच्या छायेतला. 19 प्रयोगांनंतर ते थांबलं तेही सरकारमुळे नव्हे, संस्थेतल्याच विरोधामुळे.

आज प्रयोग बहुतेकदा लेखी बंदीने थांबत नाही. नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाला फोन जातो, ‘बंदोबस्त देता येणार नाही’ म्हणतात आणि तारीख रद्द होते. हातात कागद नसला की न्यायालयात कशाला आव्हान द्यायचं हाच प्रश्न. म्हणून आयोजकाने लेखी आदेश मागावा, कलम विचारावं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 (जुनं 144) खालचा आदेश असेल तर त्यात कारण लिहिलेलं असावं लागतं आणि तो एरवी दोन महिन्यांपलीकडे टिकत नाही. आदेश दिला नाही, तर आपणच अर्ज देऊन ‘अमुक तारखेला तोंडी मनाई कळवली’ अशी नोंद करावी, प्रमाणपत्राची प्रत आणि भाड्याची पावती जोडावी, आणि पोचेवर तारखेबरोबर वेळही लिहून घ्यावी.