गॅरेजच्या दाराला थर्माकोल लावून एसीचं बिल निम्मं होत नाही

डॅलसच्या आसपासच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. आशय असा: "गॅरेजच्या दाराला आतून थर्माकोल आणि चंदेरी फॉइल चिकटवा, वरून पातळ प्लायवूड मारा. खर्च फक्त ६० डॉलर. आर-१६ इन्सुलेशन मिळतं, गॅरेज २० डिग्रीने थंड होतं, एसीचं बिल ४० टक्के कमी येतं. दार वर जाताना अडकलं किंवा खाली येताना परत फिरलं, तर ओपनरवरचे (दार उघडबंद करणाऱ्या मोटरवरचे) फोर्सचे दोन्ही स्क्रू शेवटपर्यंत पिळा. भिंतीत खाली असलेल्या जाळ्या टेपने बंद करा, गरम हवा तिथूनच आत येते. थंडीत गॅरेजमधले पाइपही गोठत नाहीत. सर्व मित्रांना पाठवा."

माझ्या धाकट्या दिराने डॅलसजवळच्या फ्रिस्कोच्या घरी एका वीकेंडला हे सगळं करून टाकलं. स्क्रूसकट. त्याच्या घरात चार वर्षांची मुलगी आहे, आणि सांगलीहून आलेले सासू-सासरे रोज संध्याकाळी गॅरेज उघडून तिथेच खुर्च्या टाकून बसतात. मी एअर कंडिशनिंगच्या डिझाइनचं काम करते, म्हणून त्याने मला कौतुकाने फोटो पाठवले, "वहिनी, बघा कसं झालंय." फोटो बघून मी आधी फोन केला आणि मग हे लिहायला बसले, कारण हाच मेसेज आणखी किती घरांत पोहोचला असेल ते सांगता येत नाही.

बिलाचा मुद्दा आधी संपवते, तो सोपा आहे. घराचा एसी गॅरेज थंड करत नाही. गॅरेजचा घराशी संबंध येतो तो मधल्या एका भिंतीपुरता. ही भिंत २०० चौरस फूट धरा आणि तिच्यात आर-१३ चं नेहमीचं इन्सुलेशन धरा (आर म्हणजे उष्णता अडवण्याची क्षमता; आकडा जितका मोठा तितकी ती जास्त). मेसेज म्हणतो तसं गॅरेज खरोखर २० डिग्री फॅरनहाइटने उतरलं असंही मान्य करू. २०० गुणिले २०, भागिले १३. म्हणजे तासाला साधारण ३१० बीटीयू (बीटीयू हे उष्णतेचं माप) उष्णता घरात कमी येईल. एक टन एसी म्हणजे तासाला १२,००० बीटीयू. फ्रिस्कोतल्या घराला ४ टन धरले तर ४८,०००. ३१० हा त्याचा एक टक्कासुद्धा नाही. एसी निम्माच वेळ चालतो असं धरलं तरी आकडा सव्वा टक्क्याच्या आसपासच राहतो. ४० टक्के कुठून आले ते ज्याने लिहिलं त्यानेच सांगावं.

आर-१६ ही तर सरळ खोटी जाहिरात आहे. साध्या थर्माकोलचा आर दर इंचाला ४ च्या आसपास असतो. दाराच्या पत्र्याच्या खाचेत दीड इंचाची शीट बसते, म्हणजे झाले ६. उरलेले १० फॉइलचे म्हणून मोजलेत. फॉइल उष्णतेचं प्रारण अडवते हे खरं, पण त्यासाठी तिच्या चकचकीत बाजूसमोर मोकळी हवा लागते. पत्रा आणि थर्माकोल यांच्यामध्ये दाबून चिकटवलेली फॉइल जवळजवळ काहीच करत नाही. फॉइल गॅरेजच्या बाजूला असेल तर थोडा फायदा आहे, पण दहाचा नाही. आणि या मेसेजमध्ये तर तिच्यावर प्लायवूडच मारायला सांगितलंय. इन्सुलेशनच्या आरचे आकडे जाहिरातीत कसे द्यायचे याचा फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकी सरकारी संस्थेचा नियम १९८० पासून लागू आहे. दुकानात विकणाऱ्याला तो पाळावा लागतो. फॉरवर्ड करणाऱ्याला कुणी विचारत नाही.

आता यात जे खरं आहे तेही सांगायला हवं. एकेरी पत्र्याचं दार पश्चिमेला तोंड करून असेल, तर जुलैच्या दुपारी आतून त्याला हात लावता येत नाही आणि तो पत्रा संध्याकाळपर्यंत आतल्या माणसाच्या अंगावर झळा मारत राहतो. दीड इंच फोमने दारातून येणारी ही उष्णता पुष्कळ कमी होते. गॅरेजमध्ये दुसरा फ्रीज असेल, कुणी तिथे व्यायाम करत असेल किंवा गणपतीचं मखर रंगवत बसत असेल, तर त्याला फरक जाणवेल. गॅरेजच्या वर बेडरूम असेल आणि तिच्या जमिनीखालचं इन्सुलेशन बिल्डरने नीट बसवलं नसेल, तर त्या खोलीतही जाणवू शकेल. एवढं मी मान्य करते. पण छत, बाकीच्या भिंती, दाराच्या कडेच्या फटी आणि हायवेवरून तापून आलेल्या गाडीचं इंजिन यांच्यावर या थर्माकोलचा काही परिणाम नाही. उलट गाडीची उष्णता रात्री बाहेर पडायला जास्त वेळ लागतो.

इथपर्यंत नुकसान झालं असतं ते फार तर ६० डॉलरचं आणि एका रविवारचं. माझा खरा राग फोर्सच्या स्क्रूवर आहे.

गॅरेजचं दार मोटर उचलते असं बहुतेकांना वाटतं. ते उचलतात वरच्या दांड्यावरच्या स्प्रिंग. दाराचं जेवढं वजन, तेवढाच ताण बसवणाऱ्याने स्प्रिंगला दिलेला असतो, त्यामुळे दार तोललेलं राहतं आणि मोटरला ते फक्त सरकवायचं असतं. १६ बाय ७ फुटांचं साधं पत्र्याचं दार १३० ते १५० पौंडांचं असतं. ११२ चौरस फूट थर्माकोलचे वाढतात १४-१५ पौंड. एवढ्यानेही तोल थोडा बिघडतो. पाव इंची प्लायवूड मात्र चौरस फुटाला पाऊण पौंडाच्या आसपास भरतं, म्हणजे आणखी ८० पौंड. एकूण ९५ पौंड, जवळपास ४३ किलो. स्प्रिंगला या वजनाचा पत्ताच नाही. ते सगळं मोटरवर येतं, आणि मोटर अडखळते कारण तिने अडखळावं अशीच तिची रचना केलेली आहे.

ही रचना कशासाठी आहे ते मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक नाही. अमेरिकेत स्वयंचलित गॅरेज दारांखाली सापडून लहान मुलं मेली. त्यानंतर १९९० मध्ये तिथल्या संसदेने, म्हणजे अमेरिकी काँग्रेसने कायदा केला, आणि त्यातून ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाचा नियम आला, १६ सीएफआर भाग १२११ (सीएफआर म्हणजे अमेरिकी केंद्र सरकारच्या नियमांचा संग्रह). घरगुती ओपनर बनवणाऱ्या प्रत्येकाला तो बंधनकारक आहे. खाली येणाऱ्या दाराला काही लागलं, तर २ सेकंदांत ते उलटं फिरून वर गेलंच पाहिजे. शिवाय १ जानेवारी १९९३ पासून बनलेल्या ओपनरना दुसरं संरक्षणही सक्तीचं आहे. बहुतेक घरांत ते म्हणजे दाराच्या दोन बाजूंना जमिनीपासून ६ इंचांच्या आत बसवलेले डोळे, म्हणजे सेन्सर. त्यांच्यामधला अदृश्य किरण तुटला की खाली येणारं दार परत वर जातं.

फोर्सचा स्क्रू शेवटपर्यंत पिळणं म्हणजे यातलं पहिलं संरक्षण काढून टाकणं. दार किती जोर लागला की "काहीतरी मध्ये आहे" असं समजेल, ते हा स्क्रू ठरवतो. तो पूर्ण पिळला की दार समजून घेतच नाही, दाबत राहतं. त्यात वजन वाढवलेलं आहे, म्हणजे उलटं फिरायची आज्ञा मिळाली तरी मोटरला ते ४३ किलो जास्तीचे उचलून वर न्यायचे आहेत. संरक्षणाचे दोन भाग असतात, अडथळा कळणं आणि दार मागे घेणं. या मेसेजने दोन्ही एकदम बिघडवले आहेत.

दिराचं म्हणणं, "डोळे आहेत ना." आहेत. पण डोळ्यांचा किरण एकाच रेषेत जातो. तीनचाकी सायकलच्या चाकांमधून तो आरपार जाऊ शकतो. मूल वाकून उभं असेल, पाय किरणाच्या अलीकडे आणि डोकं दाराच्या पट्टीखाली, तर किरण तुटत नाही. म्हणून तर कायद्याने दोन संरक्षणं मागितली.

मी त्याला फोनवरच चाचणी करायला लावली. दोन बाय चारचं लाकूड दाराखाली आडवं ठेवायचं, म्हणजे ते दीड इंच उंच राहतं, आणि बटण दाबून दार बंद करायचं. दाराने लाकडाला टेकून उलटं फिरायला हवं. त्याचं दार लाकूड दाबून तसंच बसलं. त्यानंतर त्याने माझ्याशी वाद घातला नाही. नव्या ओपनरना हे स्क्रू नसतात, ते जोर स्वतः शिकून घेतात. पण अशा ओपनरला जड दारावर पुन्हा शिकवलं की तो तो जास्तीचा जोरच योग्य धरून बसण्याचा धोका आहे, त्यामुळे चाचणी तिथेही करायचीच.

याच मेसेजच्या एका लांबलेल्या आवृत्तीत स्प्रिंगला स्क्रूड्रायव्हरने अर्धा फेरा ताण द्यायला सांगितलंय. कृपा करून असं करू नका. ताणलेली स्प्रिंग सुटली तर हातातलं अवजार तोंडावर येतं, मनगट मोडतं. त्याला ठरावीक सळया लागतात आणि ते काम येणारा माणूस लागतो.

जाळ्यांचं काय? गॅरेजमध्ये गॅसचा वॉटर हीटर असेल, तर खालची जाळी ही बहुधा त्याला जळायला हवा मिळावी म्हणून ठेवलेली असते. ती बंद केली की ज्वाला अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि गॅरेजमधून घरात शिरायला मधल्या दाराची फट पुरते. आपल्याकडे तर घरात वास नको म्हणून तळणासाठी गॅरेजमध्ये दुसरा स्टोव्ह ठेवायची पद्धत कितीतरी घरांत आहे. दार घट्ट, जाळ्या बंद, आत हीटर, वर स्टोव्ह. टेप आजच काढा.

आणि त्या स्टोव्हपासून चार-पाच फुटांवर नुसत्या पातळ प्लायवूडमागे थर्माकोल. पॅकिंगचा थर्माकोल शंभर डिग्री सेल्सिअसच्या आसपासच मऊ पडतो, पेटला की काळा धूर सोडत वितळून थेंबथेंब खाली पडतो. बांधकामाच्या नियमांत राहत्या इमारतीतला फोम उघडा ठेवायला सर्वसाधारणपणे परवानगी नाही, त्यावर अर्धा इंच जिप्सम बोर्डासारखं आवरण लागतं. गॅरेजच्या दारांना सवलत आहे, पण आगीची चाचणी पास झालेल्या दारांना. टीव्हीच्या खोक्यातून निघालेल्या तुकड्यांची अशी कुठलीच चाचणी झालेली नसते. कढईत तेल पेटलं तर पळायला जी वाट आहे, तिच्यावरच हे चिकटवलंय.

थंडीत पाइप गोठत नाहीत, हा मेसेजमधला शेवटचा दावा. टेक्सासमध्ये फेब्रुवारी २०२१ ला आली तशी सलग काही दिवस वीज आणि उष्णता नसलेली थंडी आली, तर इन्सुलेशन फक्त गोठणं लांबवतं, थांबवत नाही. पाइपलाच आवरण घाला.

पैसे खर्चायचेच असतील, तर आधी दाराच्या तळाचं रबर बदला. काही वर्षांच्या उन्हाने ते कडक होऊन भेगाळतं, आणि त्याचं वजन नगण्य असतं. मग घर आणि गॅरेज यांच्यामधल्या दाराच्या कडेची पट्टी बघा. त्या फटीतून नुसती गरम हवाच नाही, गाडीचा धूरही घरात येतो. त्यानंतर गॅरेजवरच्या खोलीची जमीन. दाराचा नंबर चौथा, आणि तोही दार कंपनीने त्या कामासाठी बनवलेला किट घेऊन, प्लायवूडशिवाय. किट लावल्यावर दार बंद असताना लाल दोरी ओढून मोटरपासून सोडवा आणि हाताने अर्ध्यापर्यंत उचला. तिथे ते थांबलं तर तोल ठीक आहे. खाली घसरलं तर ओपनर वापरायचं बंद करा आणि स्प्रिंगवाल्याला बोलवा. दार जुनंच झालं असेल, तर किटच्या भानगडीत न पडता दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं नवं दार घ्या, त्याच्याबरोबर त्या वजनाच्या स्प्रिंग येतात.

दिराने प्लायवूड आणि थर्माकोल दोन्ही उतरवलंय, जाळ्यांवरची टेप काढलीय, फोर्सचे स्क्रू मागे आणलेत, आणि आता लाकडाला टेकून दार वर जातं. ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवला असेल, त्यांनी त्याच ग्रुपवर निदान स्क्रू आणि जाळ्या या दोन गोष्टी तरी आज लिहाव्यात. बिलाचं नंतर बघता येईल.