जमशेदजी टाटा नागपूरचे नव्हते हो!

परत तो मेसेज फिरतोय, की एम्प्रेस मिलवाले जमशेदजी टाटा जन्मानेच नागपूरकर होते. नाही हो. त्यांचा जन्म ३ मार्च १८३९ चा, गाव नवसारी, तिथल्या दस्तूरवाडातलं घर अजून जपून ठेवलंय. आता घोळ का होतो तेही बघा, वडील नसरवानजी धंद्यासाठी मुंबईत आलेले, पोरगाही मग तिकडेच आला, एल्फिन्स्टनमध्ये शिकला, १८६९ मध्ये चिंचपोकळीची बुडीत तेलाची गिरणी घेऊन तिची कापडगिरणी केली आणि ती विकूनही टाकली, आणि मग कुठे नागपूर! तिथली मिल सुरू झाली १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी, म्हणून तर एम्प्रेस. म्हणजे तेव्हा साहेब सदतीस वर्षांचे, जन्म कुठला तिथे!

कॉमेंटमध्ये काहीजण 'मुंबई इलाख्यात जन्मले' असं सुधारतायत, तेही चूकच, नवसारी तेव्हा गायकवाडांच्या बडोदा संस्थानात होती. नागपूरकरांनी मिलचा अभिमान खुशाल बाळगावा, तो रास्तच आहे, पण जन्मदाखला नवसारीचाच राहू द्या.