परीक्षा आली म्हणून मैदान बंद करू नये

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर वर्षभर लटकलेली दिनदर्शिका काल उतरवली आणि मागच्या वर्षीची कपाटातून काढून तिच्याशेजारी टेबलावर ठेवली. आमच्या घरात तारखा रंगांनी लिहिण्याची सवय आहे. परीक्षा लाल, सराव आणि सामने हिरवे, सुट्टी निळी, आणि बिले, दवाखाना, पालकसभा, पाहुणे हे सगळे काळ्या शाईत. दोन्ही वर्षांत लाल खुणा जवळजवळ तेवढ्याच आहेत. फरक आहे तो हिरव्या खुणांत. मागच्या वर्षी वार्षिक परीक्षेच्या आधीच्या सहा आठवड्यांतील प्रत्येक हिरव्या खुणेवर एक सरळ रेघ ओढलेली आहे. ती रेघ मी स्वतः पट्टी धरून मारली होती आणि मुलगा तेव्हा माझ्या शेजारी उभा राहून काही न बोलता पाहत होता. ती रेघ चुकीची होती, हे सांगण्यासाठी ही पोस्ट लिहीत आहे.

मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा होता. आठवड्यातून चार संध्याकाळी तो फुटबॉल खेळायला जात असे आणि जाऊन-येऊन त्याचा दीड तास जाई. सहा आठवड्यांचा हिशेब मांडला तर ३६ तास होतात. हे ३६ तास अभ्यासाला मिळतील, असे मी आणि मुलांच्या बाबांनी मिळून ठरवले. शाळेतील एका शिक्षिकेनेही पालकसभेत तेच सुचवले होते. खेळ परीक्षेनंतरही आहेच, वर्ष मात्र परत येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते आम्हाला पटले. आजोबांना पटले नव्हते, पण नातवंडांच्या अभ्यासात ते सहसा पडत नाहीत.

ते ३६ तास आम्हाला मिळाले नाहीत. संध्याकाळी पाच वाजता तो टेबलाशी बसायचा, पुस्तक उघडायचा आणि साडेसहाला मी डोकावले की तेच पान उघडे असायचे. मध्ये पाणी प्यायला चार वेळा उठणे, पेन्सिलीला टोक काढणे, बहिणीशी क्षुल्लक कारणावरून भांडणे, पुन्हा बसणे असे चालायचे. तो टाळाटाळ करत नव्हता. त्याचे खरोखरच मन लागत नव्हते आणि का लागत नाही, हे त्यालाही सांगता येत नव्हते. दाराच्या मागे त्याचे बूट ठेवलेले होते. त्यांच्या तळाला चिकटलेला चिखल वाळून खपल्यांसारखा गळत होता आणि पहिले काही दिवस मी रोज सकाळी तो झाडून सुपलीत भरत होते. मग एके दिवशी झाडायला काही उरले नाही. त्या दिवशी मला कसेतरी झाले, पण रेघ मारलेली होती आणि ती खोडण्याचा धीर मला झाला नाही.

परीक्षा झाली, गुण आदल्या परीक्षेपेक्षा थोडे कमीच पडले आणि त्यानंतर मी या विषयावर वाचायला लागले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस शारीरिक हालचाल हवी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम हवा. परीक्षेच्या महिन्यात हा तास गाळला तरी चालेल, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. आम्ही मात्र तो तास वर्षातील सर्वांत ताणाच्या दिवसांतच काढून घेतला होता. दिवसभर शाळेत बाकावर आणि संध्याकाळी घरी खुर्चीवर बसलेल्या मुलाचा ताण बाहेर पडायला वाटच उरली नव्हती. मग तो भांडणात, चिडचिडीत आणि रात्री उशिरापर्यंतच्या जागरणात बाहेर पडला.

दुसरी गोष्ट अभ्यासाच्या वाटणीची. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून स्मरणशक्तीवरचे त्याचे पुस्तक १८८५ साली प्रसिद्ध केले. अर्थहीन अक्षरगटांच्या माळा पाठ करायच्या आणि ठरावीक वेळाने त्या पुन्हा पाठ करायला किती श्रम पडतात ते मोजायचे, अशी त्याची पद्धत होती. पाठ केलेले तासाभरातच निम्म्याहून अधिक निसटते, हे त्याने दाखवले. त्याच पुस्तकातील आणखी एक नोंद मला जास्त मोलाची वाटते. आदल्या एकाच दिवशी केलेल्या ६८ आवर्तनांनी जेवढा फायदा झाला, तेवढाच फायदा तीन दिवसांवर विभागलेल्या ३८ आवर्तनांनी झाला. मी हे वाचले तेव्हा दिनदर्शिकेकडे पाहिले. सहा आठवडे सगळे बंद करून अभ्यासाची रास घालण्याची आमची कल्पना त्या ६८ आवर्तनांसारखी होती. जो अभ्यास वर्षभर थोडा थोडा विभागून होऊ शकला असता, तो आम्ही शेवटी एकदम कोंबत होतो आणि त्यासाठी जागा करायला खेळ काढत होतो.

म्हणून या वर्षी सुरुवातीलाच आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. पहिली म्हणजे प्रत्येक विषयाची उजळणी त्या त्या आठवड्यात, मग महिन्याने, मग सहामाहीच्या आधी, अशी तीनदा करायची आणि प्रत्येक वेळी ती अर्ध्या तासाच्या वर न्यायची नाही. दुसरी म्हणजे उजळणी पुस्तक उघडून करायची नाही. मुलगा धडा एकदा वाचतो, पुस्तक बंद करतो आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहितो. मग पुस्तक उघडून राहिलेले वेगळ्या रंगाने भरतो. रोडिगर आणि कारपिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हेच तपासले होते. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत जास्त आठवले, पण आठवड्याने घेतलेल्या चाचणीत ज्यांनी न पाहता आठवण्याचा सराव केला होता ते पुढे होते. परीक्षा पाच मिनिटांनी कधीच नसते, म्हणून मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. पहिल्या महिन्यात तो कोरा कागद पाहून मुलगा अक्षरशः रडकुंडीला आला होता, कारण वाचल्यावर सगळे येते असे वाटते आणि कागदावर चार ओळी उतरतात. पण वर्षाच्या मध्यापर्यंत तो स्वतःच म्हणू लागला, ‘आई, वाचत बसण्यापेक्षा हे लवकर होते.’

झोपेचेही थोडे सांगते, कारण मागच्या वर्षी सर्वांत मोठा बळी तिचाच गेला. अमेरिकेतील निद्रावैद्यक अकादमीने २०१६ साली ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी रोज ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी ८ ते १० तास झोप सुचवली आहे. वयात येताना शरीरातील झोपेची वेळ नैसर्गिकपणेच पुढे सरकते, त्यामुळे चौदा वर्षांच्या मुलाला रात्री लवकर झोप येत नाही हा त्याचा हट्ट नसतो. सकाळी मात्र शाळेसाठी त्याच वेळेला उठावे लागते. अशा मुलाची संध्याकाळची धावपळ बंद केली, वर रात्री दिव्याखाली बसवले, तर झोप दोन्ही बाजूंनी कापली जाते. या वर्षी परीक्षेच्या आदल्या रात्रीही साडेदहाला दिवा बंद झाला आणि तो बंद करायला मला सांगावेही लागले नाही. दीड तास धावून आलेला मुलगा आपोआप पेंगतो.

गुणांचे काय, असे कोणी विचारेल म्हणून सांगते. गुण वाढले, पण फार नाहीत आणि त्याचे सगळे श्रेय मी खेळाला देणार नाही. अभ्यासाची पद्धत बदलली, मुलगा एक वर्षाने मोठा झाला, एखादा पेपर सोपाही असेल. मला एवढेच खात्रीने म्हणता येते की मैदान चालू ठेवल्याने काही बिघडले नाही आणि घरातील दीड महिना माणसांत गेला.

याची दुसरी बाजू मला मुलीने शिकवली. ती बारा वर्षांची आहे, बास्केटबॉल खेळते आणि तिच्या बाबतीत आमची चूक नेमकी उलट झाली. ती चांगली खेळते म्हणून प्रशिक्षकांनी सराव वाढवला, आम्ही कौतुकाने होकार दिला आणि वर्षाच्या पहिल्या सहामाहीत तिच्या हिरव्या खुणा आठवड्याच्या सहा चौकोनांत पसरल्या. मग तिच्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखू लागले. जिने चढताना ती कठडा धरायची आणि विचारले की ‘काही नाही गं आई’ म्हणायची, कारण दुखते असे सांगितले तर सामना हातचा जाईल ही भीती. शेवटी एके दिवशी खाली पडलेली पेन्सिल उचलायला ती गुडघा न वाकवता, एक पाय सरळ ठेवून वाकली आणि ते माझ्या नजरेत भरले. डॉक्टरांनी वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यावर बोट ठेवले आणि ती कळवळली. वाढीच्या वयात मांडीच्या स्नायूची ओढ नडगीच्या हाडाच्या वरच्या भागावर पुन्हा पुन्हा पडते आणि तिथे सूज येते. ऑस्गुड आणि श्लॅटर या दोन डॉक्टरांनी १९०३ साली स्वतंत्रपणे त्याचे वर्णन केले, म्हणून त्यांच्या नावाने ते ओळखले जाते. उपाय साधा होता, पण तिला जड गेला: उड्या आणि धावणे कमी, विश्रांती, ताणाचे व्यायाम, आणि धीर.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ सालच्या अहवालात म्हटले आहे की एकाच खेळाला वाहून घेणे साधारण १५-१६ वर्षांपर्यंत लांबवावे, आठवड्यातून एक-दोन दिवस त्या खेळाला पूर्ण सुट्टी असावी आणि वर्षातून एकूण तीन महिने, एकेका महिन्याच्या तुकड्यांनी, त्यापासून दूर राहावे. हे मी प्रशिक्षकांना दाखवले तेव्हा त्यांना आवडले नाही. संघातील जागा जाईल, असे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि दोन महिने ती गेलीही. मुलगी त्या काळात पोहायला शिकली. खेळाचा आग्रह धरणाऱ्या माझ्यासारख्या आईने हे विसरू नये की मुलाचा खेळ परीक्षेसारखाच मोजायला लागलो, की तोही लाल शाईचाच होतो.

सुट्टीबद्दल मी थोडक्यात लिहिते. या वर्षी आम्ही दहा दिवसांचा एक मोठा प्रवास न करता तीन-तीन दिवसांच्या तीन लहान सुट्ट्या घेतल्या. नेदरलँड्समधील पंधराशेहून अधिक प्रौढांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला होता. त्यात असे दिसले की सुट्टीला जाणारे लोक निघण्याच्या आधी इतरांपेक्षा अधिक आनंदी असतात, पण परत आल्यावर बहुतेकांत तो फरक राहत नाही. फक्त ज्यांची सुट्टी अगदी निवांत गेली त्यांच्यात तो काही काळ टिकतो. हे आमच्या अनुभवाशी तंतोतंत जुळते. मागच्या वर्षीच्या दहा दिवसांतले मुलांना आठवते ते पहाटे उठणे आणि सामान बांधणे. यंदाच्या दुसऱ्या सुट्टीत दुपारभर पाऊस पडला, बाहेर जाता आले नाही आणि चौघे आजोबांसह पत्ते खेळत बसलो. मुलगी अजूनही त्या दुपारचा डाव कोण हरले यावरून भावाशी वाद घालते.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ सालच्या बालहक्क कराराच्या ३१व्या कलमात विश्रांती, फावला वेळ आणि खेळ यांचा हक्क मुलांना दिलेला आहे. शिक्षणाचा हक्क त्याच करारात आहे, म्हणजे दोन्ही शेजारी-शेजारी आहेत. घरात मात्र आपण एकाला हक्क मानतो आणि दुसऱ्याला बक्षीस. ‘चांगले गुण मिळाले तर खेळायला मिळेल’ हे वाक्य मी स्वतः कित्येकदा म्हटले आहे. आता ते तोंडात आले तरी मी गिळते.

ज्या पालकांची परिस्थिती वेगळी आहे, ज्यांच्या घराजवळ मैदान नाही, ज्यांना संध्याकाळी कामावरून यायला रात्र होते, त्यांना उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. घराभोवती अर्धा तास भरभर चालणेही चालते. मुलगी गुडघा दुखत असताना, डॉक्टरांना विचारून, आजोबांबरोबर रोज तेच करत होती आणि त्या चालण्यात तिने त्यांना आपल्या वर्गातील जेवढे सांगितले तेवढे आम्हाला वर्षभरात सांगितले नाही. माझे म्हणणे वेळ आणि जागा असूनही भीतीपोटी रेघ मारणाऱ्या आमच्यासारख्या घरांसाठी आहे.

नवी दिनदर्शिका आज भिंतीवर लागली. परीक्षांच्या तारखा अजून शाळेने कळवलेल्या नाहीत, म्हणून लाल पेन बाजूला आहे. मुलाने मंगळवार, गुरुवार आणि शनिवार हिरवे केले, अगदी वर्षाच्या शेवटच्या महिन्यापर्यंत. मुलीने फक्त पहिले तीन महिने भरले आणि चौथा रिकामा ठेवला. का, असे मी विचारले, तर म्हणाली, ‘तो गुडघ्याचा महिना.’ बाहेर पाऊस आहे आणि दाराच्या मागे चिखलाने भरलेले बूट ठेवलेले आहेत. उद्या सकाळी तिथे झाडायला लागेल.