रस्ता रुंद झाला की माणसं मरायची थांबतात म्हणे!

इंदूरच्या एबी रोडबद्दलचा तो मेसेज तुम्हालाही आला असेल. आधी हिंदीत फिरत होता, आता मराठी मंडळांच्या ग्रुपांवर मराठी होऊन आलाय. मला तो मावशीने पाठवला, खाली ‘अगदी बरोबर’ असं लिहून. मावशी गीता भवनच्या मागे राहते. भाजी, देऊळ, औषधं, सगळं पायी. गाडी तिने जन्मात चालवलेली नाही. पायी चालणाऱ्याला रस्त्यातला अडथळा म्हणणारा मेसेज तिनेच पुढे ढकलावा, हे काही मला पचेना.

मेसेज थोडक्यात असा: बीआरटीएस, म्हणजे रस्त्याच्या मधोमध फक्त बससाठी राखलेला पट्टा, काढायचं ठरलं, मधली जागा मोकळी होणार, ती सगळीच्या सगळी गाड्यांना द्या. रुंद फूटपाथ, सायकल ट्रॅक, वेग कमी करायला लावणारी क्रॉसिंग, ही परदेशी थेरं इंदुरात नकोत. कारण काय, तर रस्ता जितका रुंद आणि मोकळा तितके अपघात कमी. लोक मरतात ते मधे मधे आल्यामुळे, त्यांना पूल बांधून द्या. सायकल आता कोणी चालवत नाही, आणि जे चालवतात ते टॅक्स भरत नाहीत. दुकानदारांचा धंदा बसेल. हॉलंडमधलं इथे चालत नाही. आणि शेवटी, ॲम्ब्युलन्स अडकेल.

यातलं ‘रुंद आणि मोकळा म्हणजे सुरक्षित’ हे वाक्य सगळ्यात घातक, कारण ऐकायला ते शहाणपणाचं वाटतं.

केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२ सालचा अपघातांचा अहवाल घ्या. त्या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली. मोठ्या शहरांच्या यादीत अपघातांच्या संख्येत दिल्लीनंतर दुसरा नंबर आपला, इंदूरचा: ४,६८० अपघात. देशभरात मेलेल्यांपैकी साधारण ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यात आहेत. आता पोलीस तो रकाना सढळ हाताने भरतात, हे मलाही माहीत आहे. काहीच सुचलं नाही की ‘अतिवेग’ लिहून मोकळे. त्यातले अर्धे सोडून द्या, तरी उरतात ते थोडे नाहीत. आणि ६७ टक्के अपघात सरळ रस्त्यावर झालेत. रस्त्यांची बहुतेक लांबी सरळच असते, तेव्हा या आकड्याचं फार कौतुक करण्यात अर्थ नाही. पण मोकळा सरळ रस्ता माणसं वाचवतो, असं तर तो नक्कीच म्हणत नाही.

अहवाल बाजूला ठेवा, साधा हिशोब करा. ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर कापते. समोर कोणी आलं हे लक्षात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो, म्हणजे १४ मीटर तसेच गेले. मग ब्रेक लागून थांबायला आणखी तेवढेच, एकूण २८ मीटर. हीच गाडी ३० च्या वेगाने असेल तर सगळं मिळून १३ मीटरच्या आसपास थांबते. आता १५ मीटरवर एखादं पोर रस्त्यात उतरलं. ३० ची गाडी त्याच्या अलीकडे थांबते. ५० ची गाडी त्याच्यापाशी पोचते तेव्हा तिचा ब्रेक नुकता लागायला लागलेला असतो, म्हणजे धडक जवळजवळ पूर्ण ५० ची. इथे कोण कुणाच्या मधे आलं, हा वाद दवाखान्याच्या बाहेर बसून करता येतो. जागतिक आरोग्य संघटनेचं गणितही हेच सांगतं: सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताची शक्यता चार टक्क्यांनी वाढते.

रस्ता रुंद केला की वेग वाढतो, त्यासाठी संशोधन लागत नाही. रात्री अकरानंतर विजयनगरकडे जाऊन बघा. तीच माणसं, त्याच गाड्या; दिवसा गर्दीत वीसने चालणारा भिया (इंदुरी ‘भाऊ’) रात्री सत्तरने जातो, कारण रस्ता त्याला ‘जा’ म्हणत असतो. बोर्डावर काय लिहिलंय ते कोण वाचतो? लेनची रुंदी, वळणाचा कोपरा, क्रॉसिंगची उंची, यांच्यावर पाय हलका होतो की जड ते ठरतं.

आता त्या मधल्या जागेचा हिशोब. दोन्ही बाजूंना तीन-तीन लेन केल्या, लेन साडेतीन मीटरची धरली, तर २१ मीटर रस्ता. मावशीसारख्या बाईला सेकंदाला एक मीटर चाल धरली तरी २१ सेकंद. तेवढ्यात ५० ने येणारी गाडी २९० मीटर येते. म्हणजे बाईने डावी-उजवीकडे तीनशे मीटरपर्यंत नजर टाकून, सगळ्या लेनचा अंदाज घेऊन उतरायचं, तेही सत्तरीत, संध्याकाळी समोरून हेडलाइट डोळ्यांवर येत असताना. मधे उभं राहायला दोन मीटरचा कट्टा दिला तर एका वेळी साडेदहा मीटर आणि एकाच बाजूची गाडी बघायची. कट्ट्याला परदेशातून काही आणावं लागत नाही, सिमेंट आपलंच आहे.

आणि लेन साडेतीनचीच का? बसची लेन तेवढी ठेवा, बाकीच्या दोन तीन-तीन मीटरच्या करा, प्रत्येक बाजूला एक मीटर सुटतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या नियमात चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी असं आहे. मोकळी म्हणजे विजेचा डबा, झाड, पानाचा ठेला आणि दुकानाची पायरी सोडून उरलेली. ‘लेन कमी केल्या तर जाम होईल’ म्हणणाऱ्यांनी जाम कुठे होतो ते आठवावं. पलासिया, इंडस्ट्री हाऊस, एलआयजी: सगळे चौराहे. नरसाळ्याचं तोंड कितीही मोठं केलं तरी तेल नळीतून जाईल तेवढंच जातं. दोन चौराह्यांच्या मधे रस्ता रुंद केला तर फक्त पुढच्या सिग्नलला लवकर पोचून उभं राहायचं.

पादचारी पुलाचा सल्ला देणाऱ्याने तो आधी चढून दाखवावा. खाली साडेपाच मीटर मोकळी जागा सोडावी लागते. १५ सेंटीमीटरची पायरी धरली तर चाळीसच्या आसपास पायऱ्या वर आणि तेवढ्याच खाली. समोरच्या दुकानातून क्रोसिनची पट्टी आणायची असेल तर जाऊन-येऊन त्याच्या दुप्पट. लिफ्ट लावतात, ती किती दिवस चालते हे सांगायला नको. गाडीवाल्याला ब्रेक लावायचा त्रास नको म्हणून गुडघे दुखणाऱ्याने दोन मजले चढायचे, आणि नाही चढला तर ‘मधे आला’. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की वापरता येईल असा फूटपाथ मिळणं हा राज्यघटनेच्या कलम २१ खालचा, म्हणजे जगण्याच्या हक्कातलाच भाग आहे. पुलावर चढवून तो हक्क फिटत नाही.

सायकलचं मात्र अर्धं खरं आहे, आणि ते नाइलाजाने मान्य करतो. बीआरटीएसच्या मूळ आराखड्यात सायकल ट्रॅक होता. त्याचं काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलं: कुठे मोटारी उभ्या राहिल्या, कुठे ठेले लागले, कुठे तो चौराह्याच्या आधी तीस पावलांवर संपला. नेमका तिथे, जिथे सायकलवाल्याला जपायला हवं होतं. तो ट्रॅक रिकामा होता हे खरं. पण जो ट्रॅक सुरू होताच संपतो, त्यावर कोण सायकल घालणार? आणि नुसता हिरवा पट्टा रंगवून पुन्हा तसलाच ट्रॅक करणार असतील तर माझाही विरोधच आहे. उंचीचा फरक हवा, मधे खांब हवेत, चौराहा ओलांडून पलीकडपर्यंत तो सलग गेला पाहिजे.

‘सायकल कोणी चालवतच नाही’ हे मात्र बाल्कनीतून दिसणारं इंदूर. २०११ च्या जनगणनेत, शेती आणि घरगुती उद्योग सोडून बाकी कामकऱ्यांत १३.१ टक्के लोक सायकलने कामाला जात होते, स्कूटर-मोटरसायकलने १२.७ आणि कार-जीपने २.७ टक्के. देशभरातला आकडा आहे आणि जुना आहे. तेव्हापासून दुचाक्या भरमसाट वाढल्या. तरी सकाळी साडेसातला सांवेर रोडच्या कारखान्यांकडे जाणारी रांग बघा. किंवा तुमच्याच सोसायटीचा चौकीदार घरी कसा जातो ते विचारा. हा माणूस मेसेज लिहिणाऱ्याला दिसत नाही, कारण तो ग्रुपवर नाही.

टॅक्सचं तर काय बोलणार. वाहन कर राज्याच्या तिजोरीत जातो, आणि कर भरल्याने रस्त्याचा सातबारा कुणाच्या नावावर होत नाही. सायकलवाला घरभाड्यातून मालमत्ता कर भरतो, साबणापासून सायकलच्या ट्यूबपर्यंत जीएसटी भरतो. रस्त्याची झीज चाकावरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, तेव्हा झिजेप्रमाणे कर लावायचा ठरलाच तर सायकलवाल्याला बहुधा पैसे परत द्यावे लागतील.

दुकानदारांची भीती खोटी नाही, पण छप्पन दुकानला जाऊन बघा. २०२० मध्ये तिथून गाड्या बाहेर काढल्या, पायी फिरण्याची जागा केली. आज रविवारी संध्याकाळी तिथे बसायला जागा मिळाली तर नशीब. कोणी म्हणेल, ती खाण्याची गल्ली, तिथलं गणित सियागंजच्या होलसेलवाल्याला लागू होत नाही. बरोबर. त्याला माल उतरवायला टेम्पो लागतो, त्याची वेळ आणि जागा आराखड्यात ठरवून द्यावीच लागेल. एबी रोडवरच्या मोबाइलच्या शोरूमला मात्र ते कारण लागत नाही.

हॉलंडबद्दल एवढंच, की तिथेही सगळे जन्मजात सायकलवर बसून आले नव्हते. १९७१ मध्ये त्या चिमुकल्या देशात रस्त्यावर ३,३०० च्या आसपास माणसं मेली, त्यात चारशेहून जास्त मुलं. आईबाप रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे रस्ते बदलायला लागले. आणि ‘आपले लोक ऐकत नाहीत’ हे इंदूरकराने तरी म्हणू नये. ओला-सुका कचरा इथे कोणी वेगळा करणार नाही, असं २०१६ मध्ये हीच मंडळी सांगत होती. दारात गाडी आली, डबे आले, दंड लागला, आणि २०१७ पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत पहिला नंबर आला. सोय केली की लोक ऐकतात.

राहिली ॲम्ब्युलन्स. दरवेळी ती शेवटी येते, कारण तिच्यापुढे कोणी बोलत नाही. पण एमवाय हॉस्पिटलकडे निघालेली ॲम्ब्युलन्स आज अडकते ती कशामुळे? सायकल ट्रॅक तर शिल्लकच नाही. संध्याकाळी सातला पलासियाहून गीता भवनकडे या आणि डावीकडची लेन मोजा. ती लेन नाहीच. तिथे गाड्या लावलेल्या आहेत, काही ठिकाणी दोन ओळींत, पार्किंग लाइट लावून, ‘दोन मिनिटांत आलो’ म्हणत. एक उभी कार दोन-सव्वादोन मीटर खाते, आणि तिच्या मागची सगळी लेन निकामी होते. त्यामुळेच पुढच्यांना बाजू द्यायला जागा उरत नाही. एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये पार्किंग हा शब्द एकदाही आलेला नाही.