पिशवी बसली तर पिशवीचे पैसे

इटलीतल्या वेर्नाझ्झा या समुद्रकाठच्या गावी, बंदरावर, एका हातात कॉफीचा कप आणि दुसऱ्या हातात पाठपिशवी धरून, मी उभ्याउभ्या भूमध्य समुद्र पाहिला. शेजारी रिकामी खुर्ची होती. तिच्यावर टेकायला १.६० युरो जास्त पडत होते आणि ते मला द्यायचे नव्हते.

इटलीतल्या बारच्या, म्हणजे तिथल्या कॉफीच्या दुकानाच्या, दरफलकावर बहुधा दोन रकाने असतात. 'बांको' म्हणजे काउंटरपाशी उभं राहून प्यायचा दर, 'ताव्होलो' म्हणजे टेबलाचा. आपल्याकडे एसी हॉलचा दर वेगळा असतो तसंच, फक्त इथे एसी नसतो. तीच एस्प्रेसो, तोच अंगठ्याएवढा कप, उभ्याने १.४० आणि बसून ३. मी बांकोचे पैसे भरले, पावती खिशात टाकली आणि कप घेऊन दाराशी आले, तर आजोबा उगवले.

बारशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. निळा स्वेटर, बगलेत वर्तमानपत्र, पायाशी एक पांढरं कुत्रं. त्यांनी आधी माझ्या कपाकडे पाहिलं, मग खुर्चीकडे, मग दरफलकाकडे बोट केलं. इटालियन, थोडं जर्मन आणि बरेचसे हातवारे अशी आमची चर्चा झाली.

"बसणार?"

"नाही. समुद्र बघणार."

"टेबलापाशी?"

"टेबलाच्या बाजूला. उभी राहून."

आजोबांना हे पटेना. टेबलाच्या बाजूची हवा टेबलाची की रस्त्याची, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. गल्ल्यावरची बाई कप विसळत होती; तिला ना माझं सोयरसुतक, ना आजोबांचं. मी पिशवी खुर्चीवर ठेवली मात्र, आजोबांनी जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं आणि बोट हलवलं.

"पिशवी बसली."

"अहो, ती कॉफी पीत नाहीये!"

"खुर्ची ती खुर्ची."

मग त्यांनी जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्याला हाक मारली. दोघांचं खलबत झालं. निकाल असा लागला की भिंतीला टेकायला हरकत नाही, कारण भिंत चर्चची आहे. मी पिशवी उचलून खांद्यावर घेतली. आणि त्याच क्षणी, एक दमडीही खर्च न करता, आजोबा त्याच खुर्चीवर बसले. वर्तमानपत्र उघडलं. कुत्रं दुसऱ्या खुर्चीवर चढलं. त्याला कुणी ताव्होलो लावला नाही.

मला अजून त्या कुत्र्याचा राग आहे.

कमी पैशात चिंक्वे तेर्रे हा किनारा पाहायचा म्हणजे हे असं. गावं पाच: मोंतेरोस्सो, वेर्नाझ्झा, कोर्निल्या, मानारोला, रिओमाज्जोरे. मुक्काम यांतल्या एकातही करायचा नाही. शेजारच्या ला स्पेत्सियात किंवा लेवांतोत खोली घ्यायची आणि रेल्वेने ये-जा करायची. ला स्पेत्सियाहून रिओमाज्जोरे दहा मिनिटांच्या आत येतं. तिकिटाचा हिशेब मात्र कागद घेऊनच करावा लागतो. २०२४ मध्ये एका फेरीचं तिकीट गर्दीप्रमाणे ५, ८ किंवा १० युरो होतं आणि दिवसभराचं रेल्वे कार्ड १९.५० पासून ३२.५० पर्यंत. म्हणजे चार फेऱ्या होणार असतील तर कार्ड घ्यावं, तीनच होणार असतील तर सुटी तिकिटं. पण कार्डावर स्टेशनातली स्वच्छतागृहं फुकट असतात, एरवी तिथे एक युरो मोजावा लागतो. वय आणि मूत्राशय पाहून गणित बदलावं. कागदी तिकीट काढलंत तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात ठप्पा मारा. बिनठप्प्याच्या तिकिटाला दंड आहे आणि 'आम्ही पाहुणे' हे तपासनीस रोज ऐकतो. वेर्नाझ्झाला शेवटचे डबे बोगद्यात उभे राहतात. दार उघडल्यावर अंधार दिसला तर घाबरू नका, गाव पुढे आहे.

कोर्निल्याला स्टेशन खाली आणि गाव कड्यावर. मध्ये ३८२ पायऱ्या. छोटी बस कार्डात धरलेली असते, पण गाडी आली की सगळा फलाटच तिच्याकडे धावतो.

जेवण टेबलावर नको, कारण तिथे माणशी दोन-तीन युरो 'कोपेर्तो' लागतो, म्हणजे ताट मांडल्याचे पैसे. फोकाच्चा (चपटा पाव) वजनावर घ्यावी. 'एत्तो' म्हणजे शंभर ग्रॅम. दोन एत्ती एका माणसाला पुरतात. विक्रेता सुरी पावावर ठेवून तुमच्याकडे बघतो. तुम्ही हसून मान डोलावत राहिलात तर सुरी सरकत सरकत पाव किलोवर जाते. पहिल्यांदाच 'मेनो', म्हणजे 'कमी', म्हणा. फारिनाता मिळाली तर सोडू नका: हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल, भट्टीत भाजलेलं. शाकाहारी मराठी माणसाचं त्यावर निभतं. पाणी विकत घेऊ नये, गावातल्या नळाखाली बाटली भरावी.

पायवाटांचंही तेच. मोंतेरोस्सो ते वेर्नाझ्झा ही साडेतीन किलोमीटरची, दोन तासांची समुद्राकाठची वाट पैसे देऊन चालायची. वरच्या डोंगरवाटा फुकट, पण चढ छातीवर येतो. चपला घालून जाऊ नका. २०१९ मध्ये चपलांवर ५० ते २५०० युरो दंडाची घोषणा झाली होती. एवढ्यात कोल्हापुरीचं दुकान टाकता येईल.

आणि इथे माझा विनोद संपतो. ती गावं इवलीशी आहेत, बोटींतून आणि गाड्यांतून लोंढे येतात, गावकऱ्यांना स्वतःच्या गल्लीत चालता येत नाही. गर्दीच्या दिवशी रेल्वेचे दर वाढवण्यामागचं कारण मला कळतं. पण दर वाढवून गर्दीतून गळतं कोण? बोटीतून उतरणारा नाही, त्याला १० युरो म्हणजे काहीच नाही. गळतो तो फोकाच्चा मोजून खाणारा. मोंतेरोस्सोच्या किनाऱ्यावर छत्री आणि खाटांच्या रांगाच रांगा भाड्याने, आणि फुकट वाळू कडेला, सावलीविना, टॉवेलला टॉवेल लागून. शिवाय रात्री ला स्पेत्सियात खोलीवर परतलं की तिथला मालक मुक्कामाचा कर वेगळा मागतो. रोख. सुटे असतील तर बरं, म्हणतो.