रिकाम्या नावेला पाडलेली भोकं

एक साधा प्रश्न विचारतो. घराच्या मोरीतून पाणी बाहेर जातं की घरात येतं? बाहेर जातं ना? मग सव्वा लाख रुपये मोजून घेतलेल्या माझ्या फायबरच्या बोटीची मोरी उलटी का वाहते, हे मला कोणीतरी समजावून सांगा. चार पावसाळे झाले, विचारतोय. बोटवाला सांगतो "लोड कमी करा", मेकॅनिक सांगतो "पंप बसवा", आणि घरचे सांगतात "विकून टाका". पाणी मात्र रोज माझ्या घोट्यापर्यंत असतं.

आधी हसणाऱ्यांचं आटपून घेऊ. खान्देश म्हटलं की लोकांना केळी, कापूस, भरताची वांगी आणि मे महिन्यातले ४५ अंश आठवतात. "तुमच्याकडे कसली बोट?" असं पुण्याचा माझा साडू दर दिवाळीला विचारतो आणि दर दिवाळीला स्वतःच हसतो. अरे बाबा, तापी मुलताईपासून समुद्रापर्यंत ७२४ किलोमीटर वाहते आणि त्यातला मोठा तुकडा आमच्या दारातून जातो. सारंगखेड्याला बॅरेज, प्रकाशाला बॅरेज, खाली नंदुरबार-नवापूरकडे उकाई धरणाचा फुगवटा. तू ज्या रोहूच्या तुकड्यावर ताव मारतोस तो काय कपाशीला लागतो?

तर बोट. १६ फुटी, पांढरी, चकचकीत, मागे इंजिन लावायची सोय. जुन्या लाकडी नावेला डेक-बिक काही नव्हतं. पाणी तळाला जमायचं, लहान पोरगं मागे बसून तेलाच्या कापलेल्या डब्याने उपसायचं, संपला विषय. नवीन बोटीला सपाट डेक, म्हणजे तळाच्या वर, मधे पोकळी ठेवून बसवलेली जमीन, आणि डेकच्या मागच्या दोन कोपऱ्यांत एकेक इंचाचं भोक. बोट विकणारा त्याला 'स्कपर' म्हणतो. म्हणाला, "भाऊ, आता उपसायचं कामच नाही, पाणी आपोआप बाहेर." मी पण बावळट, खूश झालो. घरी येऊन बायकोला 'स्कपर' शब्द दोनदा म्हणून दाखवला.

पहिल्याच आठवड्यात कळलं की भोकं पाडणाऱ्याने बोट रिकामी उभी करून भोकं पाडली आहेत. रिकामी बोट पाण्यात सोडली की डेक पाण्याच्या चार बोटं वर राहतो. पाणी टाका, झर्रकन नाही पण जातं बाहेर. कॅटलॉगातल्या फोटोतली बोट पण रिकामीच. आता मला सांगा, रिकामी बोट घेऊन नदीत काय देवदर्शनाला जायचंय? माझ्या बोटीत मी आणि पुतण्या, दोघांचे मिळून १४० किलो. इंजिन ४० किलो. ओलं जाळं ६० किलो. बर्फाचा खोका आणि नशीब चांगलं असेल तर मासळी, मिळून १२० किलो. पेट्रोलचा कॅन धरून बेरीज ३८० च्या आत. कॅटलॉगात लिहिलंय, बोट ६०० किलो वजन वाहते. म्हणजे मी काही बोटीवर वऱ्हाड चढवलेलं नाही. पण इंजिन मागे, जाळं ओढणारा मागे, बर्फ मागे. बोटीचं बूड बसतं आणि ती दोन भोकं जातात पाण्याखाली. मग पाणी कुठून कुठे जाणार? पाण्याला काय माहीत ही जायची वाट आहे की यायची?

फोन केला. बोटवाल्याचं उत्तर, "सामान पुढे ठेवा." पुढे ठेवलं. आता जाळं मागे ओढायचं आणि बर्फ पुढे, म्हणजे प्रत्येक माशामागे १६ फुटांची फेरी. पुन्हा फोन केला. "मग भोकात बोळा कोंबा ना भाऊ." हे ऐकून मला कसं वाटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पाणी जावं म्हणून भोक पाडायचं, आणि पाणी येतं म्हणून त्यात चिंधी कोंबायची! मग पाडलं कशाला? आणि चिंधी कोंबली की जाळ्यातून निथळलेलं, वितळलेल्या बर्फाचं, वरून पावसाचं, सगळं पाणी डेकवरच. तेलाचा कापलेला डबा चार वर्षांत परत आला, आता फक्त सव्वा लाखाच्या बोटीत.

ज्यांना वाटतं घोटाभर पाण्याने काय होतं, त्यांच्यासाठी हिशेब देतो. माझ्या डेकची मोकळी जागा ३ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद. त्यावर नुसतं ५ सेंटिमीटर पाणी साचलं की १८० लिटर होतं, म्हणजे १८० किलो, म्हणजे दोन-अडीच माणसं न विचारता बोटीत येऊन बसली. आणि माणूस एका जागी बसतो तरी. पाणी बसत नाही. परातीत पाणी भरून दोन पावलं चालून बघा. परात जरा कलली की सगळं पाणी त्याच बाजूला पळतं आणि परात आणखी कलते. बोटीचं अगदी तेच. पुतण्या डावीकडे जाळ्यावर वाकला की १८० किलो पाणी पण डावीकडे, त्याच्या मदतीला.

मागच्या ऑगस्टात हेच झालं. वरती हतनूर धरणाचं पाणी सोडलेलं, नदीला ओढ, पाणी गढूळ चहासारखं. पहाटे साडेपाचला जाळं उचलायला गेलो. रात्रभर जलपर्णीचे पुंजके अडकून जाळं दुप्पट जड. ओढता ओढता कधी उजव्या भोकाचा बोळा निघाला कळलं नाही. मासळीची पाटी माझ्या पायाशी आपोआप सरकली तेव्हा खाली पाहिलं. पाटी तरंगत होती! मासे परत पोहायच्या बेतात! पोरगं डावीकडे, पाणी डावीकडे, बोटीचा काठ पाण्यापासून वीतभर. मी जाळं कापलं. चार हजारांचं जाळं, सुरीने, स्वतःच्या हाताने. बोट सरळ झाली. काठावर येईपर्यंत दोघांपैकी कोणी बोललं नाही. त्या दिवसापासून पुतण्या लाईफ जॅकेट घालतो, एवढंच काय ते चांगलं झालं.

हतनूरचं नाव निघालं म्हणून सांगतो. त्या धरणाला ४१ दरवाजे आहेत. इतकं पाणी येणार, ते इतक्या वाटांनी सोडायचं, हा विचार भिंत बांधायच्या आधी झाला. माझ्या बोटीला दोनच भोकं होती. दोनच! त्यांचा विचार पण सगळी बोट तयार झाल्यावर, ड्रिल मशीन हातात असताना.

मग आला पंप. १२ व्होल्टचा. डब्यावर ताशी ४,००० लिटर लिहिलेलं. पाइप वर चढवला, एक वळण दिलं, बॅटरी जरा उतरलेली, आणि बादली लावून मोजलं तर निम्मंसुद्धा नाही. पण ते सोडा. खरी गंमत पुढे आहे. पंप बसतो डेकच्या खाली, पोकळीत. पाणी साचतं डेकच्या वर. मेकॅनिकला विचारलं, हे वरचं पाणी खालच्या पंपाकडे कसं जाणार? तो म्हणाला, "झाकणातून झिरपेल ना." म्हणजे बोट गळते, हीच आमची निचऱ्याची सोय! आणि झिरपून गेलंच तर सोबत खवलं, जाळ्याचे धागे, थर्माकोलचे दाणे. तिसऱ्या दिवशी पंप घुं-घुं करत गरम. उघडला तर आत नायलॉनच्या धाग्याची सुबक गुंडाळी, जणू कोणी चरख्यावर बसलेलं.

आमच्या गल्लीत एक आबा आहेत, ऐंशीच्या पुढचे. आयुष्यभर धाब्याची घरं घातली त्यांनी. ज्यांनी धाबं पाहिलं नाही त्यांना सांगतो, मातीचं सपाट छप्पर. पावसाळ्याआधी त्यावर खारी माती पसरायची आणि चोपायची. दिसायला सपाट, पण आबा त्याला असा ढाळ द्यायचे की पाण्याचा थेंब थांबत नसे. शेवटी पन्हाळ, आणि पन्हाळीचं तोंड भिंतीपासून हातभर पुढे, म्हणजे पडणारं पाणी भिंतीला लागत नाही. माती! माती आणि लाकूड आणि डोळ्याचा अंदाज! आबांना एकदा बोट दाखवायला नेलं. दोन मिनिटं भोकांकडे पाहिलं आणि म्हणाले, "भोक पाडाना पहिले नाव भरीसन देखेल व्हती का त्यास्नी?" नाही आबा. नव्हती भरून पाहिली. एवढं एकच वाक्य बोटीच्या कारखान्यात कोणी बोललं असतं तर माझं चार हजारांचं जाळं आज शाबूत असतं.

आबांच्या डोळ्याला आणखी एक दिसलं. डेकला ढाळच नाही. म्हणजे आहे, पण पुढच्या बाजूला! मागे भोकं आणि रिकाम्या बोटीचा उतार पुढे. काठावर बोट ओंडक्यांवर ठेवून, पाणसळ लावून पाहिलं, खरंच. मग मी दुपारभर बसून मापं घेतली, राग आला की मला मापं घ्यायची सवय आहे. मागची बाजू जरा खाली केली, १८ लिटरच्या १० बादल्या ओतल्या आणि मोबाइलवर वेळ लावली. ११ मिनिटं! तेही दोन्ही भोकं उघडी, कोरड्या काठावर, खवलं नाहीत, लाटा नाहीत. नदीत लाट ११ मिनिटं थांबते का? दोन इंची भोकं असती तर पाव वेळ लागला असता. व्यास दुप्पट केला की तोंड चौपट होतं, हे आठवीतल्या पोराला येतं.

म्हणून मोठी करायला भोकात ब्लेड घातलं, आणि आतून काय निघालं? काळं, ओलं, कुजकं प्लायवूड. डेकच्या फायबरच्या आत प्लायवूड असतं. त्याला भोक पाडलं की कापलेली कड रेझिनने बंद करावी लागते, नाहीतर लाकूड वातीसारखं पाणी ओढतं. यांनी ड्रिल मारलं आणि वर एक प्लास्टिकची चकती चिकटवली. दिसायला झकास. चार पावसाळे ते प्लायवूड पाणी पीत होतं. तेव्हा कळलं डेक मागे पाय ठेवला की लिबलिबतो का.

संशय आला म्हणून बोट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकून कापसाच्या काट्यावर नेली. काटेवाला म्हणाला, "मासे कुठेत?" मी म्हणालो, बोटच तोल. ट्रॉली वजा करून कागदावरच्या वजनापेक्षा ५० किलो जास्त. पन्नास किलो पाणी, डेकच्या पोटात, चार वर्षं मी पेट्रोल जाळून नदीवर फिरवतोय! आणि आता चक्र बघा. भोकातून लाकडात पाणी गेलं म्हणून बोट जड झाली, बोट जड झाली म्हणून भोक आणखी खाली गेलं, भोक खाली गेलं म्हणून आणखी पाणी. ज्याने ही बोट बनवली त्याला मी फोनवर हे सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, "भाऊ, आता नवीन मॉडेल आलंय."

सध्याचा जुगाड सांगतो, कोणाला उपयोग झाला तर. कुजलेलं खरवडून काढलं, आठ दिवस उन्हात वाळवलं (४३ अंश, हे एक काम खान्देशात फुकट होतं), कडा रेझिनने बंद केल्या, भोकं दोन इंची केली. बाहेरून ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, फक्त वरच्या कडेला स्क्रूने आवळून. आतलं पाणी ढकलतं तेव्हा झडप उघडते, बाहेरचं पाणी दाबतं तेव्हा बंद होते. बर्फाचा खोका आणि बॅटरी मधे आणली. ६० टक्के बरं आहे. पण भोक पाण्याखाली असेल तर झडप फक्त येणारं अडवते, साचलेलं बाहेर काढत नाही, ते कुठल्याच झडपेला जमणार नाही. आणि जलपर्णीची काडी झडपेत अडकली की संपलं. म्हणून खिशात बोळे अजून आहेतच.

या बोळ्यांनी माझी झोप घालवली आहे. भरलेली बोट असली की बोळा लावायचा. रिकामी बोट काठाला बांधली की बोळा काढायचा, कारण एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, आणि पाच चौरस मीटरच्या बोटीत ७० मिलिमीटरची एक रात्र म्हणजे साडेतीनशे लिटर. सकाळी बोटीच्या जागी फक्त दोरी दिसते, शेजारच्याचं गेल्या वर्षी झालं तसं. घरात गॅस बंद केला का, कुलूप लावलं का, हे लोकांना रात्री आठवतं. मला बोळा आठवतो.

आता हे लिहितोय तर सातपुड्याकडे आभाळ काळं झालंय आणि वीज चमकायला लागली आहे. संध्याकाळी बोट बांधायला पुतण्या गेला होता. मी आत्ताच त्याला हाक मारून विचारलं, बोळा काढला होतास ना रे? मोबाइलमधून मान वर न करता म्हणतो,

"काका, कोनता बोया?"

टॉर्च घेऊन निघतोय.